एक कानटोपी अनोळखी डोक्यासाठी



आगमनकाळाचे चार आठवडे म्हणजे आपल्या घरोघरी लोकरीचेही दिवस. कुणी नातवासाठी स्वेटर विणते, कुणी वेदीसाठी क्रोशाची झालर. हे काम पवित्रच आहे. यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला दाखवले ते तिने केलेले अंगरखे (प्रे. कृ. ९:३९). हातच तिची साक्ष ठरले.

पण आपण विणतो कोणासाठी? दोन अंगरखे असणाऱ्याने एकही नसणाऱ्याला एक द्यावा, असे योहान बाप्तिस्ता सांगतो (लूक ३:११). २० डिसेंबर १९५६ रोजी आपल्या अमरावतीजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा स्वतः चिंध्या पांघरीत आणि उघड्याला वस्त्र द्या म्हणत. त्यांची पुण्यतिथी नाताळच्या पाचच दिवस आधी येते.

गव्हाणीतल्या बाळाला मरियेने बाळंत्यात गुंडाळले. आज तेच बाळ मेळघाटातल्या झोपडीत, अकोल्याच्या फलाटावर कुडकुडते आहे. म्हणून घरच्या स्वेटरबरोबर एक कानटोपी अनोळखी डोक्यासाठीही विणू या. प्रत्येक ओळीबरोबर त्या माणसासाठी प्रार्थना करू या आणि नाताळाआधीच ती पोचती करू या. थंडी सणाची वाट पाहत नाही.