रात्रीची गाडी आणि यात्रेचं फळ

आषाढीच्या आधी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीत परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून चालते आणि मेंढ्यांचं रिंगण घेते. सणसरचा मुक्काम हलवून बेलवाडीला गोल रिंगण होतं, मग निमगाव केतकी, मग इंदापूर. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातलं की पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. यात्रा अशी दारावरून चालत जाते, म्हणून यात्रा म्हणजे पायी, हे इंदापूर तालुक्यातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

त्याच पोराचे आजी-आजोबा काशीला जायचं ठरवतात तेव्हा मात्र दौंडला जाऊन रात्रीची गाडी धरतात. पंढरी पायी आणि काशी बर्थवर आडवं होऊन. घरातलंच कुणीतरी मग विचारतं, की झोपेत पार पडलेल्या वाटेला यात्रा म्हणायचं का? की ती नुसती ने-आण झाली?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धर्मशास्त्राने तो रेल्वेच्या कित्येक शतकं आधी विचारलेला आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड 1953 साली आला आणि त्याला 1956 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या खंडात तीर्थयात्रेचा मोठा भाग आहे आणि यात्रेकरूने वाहनात बसावं का, याचीही चर्चा आहे. जुन्या निबंधकारांनी यासाठी एक हिशेबच मांडून ठेवला होता. वाहन निम्मं फळ खातं. छत्री आणि पायताण त्याच्या निम्मं खातात. वाटेत व्यापार केला तर चारपैकी तीन हिस्से जातात, आणि तीर्थावर दान घेतलं तर सगळंच जातं. दुसऱ्या कामासाठी निघून जाता जाता तीर्थ उरकणाऱ्यालाही निम्म्यावरच समाधान मानावं लागतं.

हा हिशेब वरवर पाहिला तर रेल्वेच्या विरोधात जातो. नीट पाहिला तर त्यातला चढता क्रम डोळ्यांत भरतो. वाहनाचा दोष निम्म्यावर थांबतो, व्यापाराचा त्याच्या पुढे जातो आणि घेण्याचा दोष सगळं धुऊन नेतो. म्हणजे शास्त्रकारांना सुखापेक्षा स्वार्थाची भीती जास्त होती. महाभारताच्या वनपर्वातही तीर्थाचं फळ कुणाला मिळतं हे सांगताना हात, पाय आणि मन ताब्यात असण्याची अट आहे. संतोष आणि निरहंकार यांची अट आहे. पाय ताब्यात असावेत असं म्हटलं आहे, ते दुखलेच पाहिजेत असं म्हटलेलं नाही.

तरीही पायी चालण्याचा मान खोटा ठरत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने. घरावर कर्ज होतं. वाटेत बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. दक्षिणेसाठी निघालेला हा भिक्षुक निबंधकारांच्या हिशेबात जवळजवळ नापासच व्हायचा. पण वाटेने त्याला असं काही घडवलं की परतताना त्याच्या खांद्यावर पैसा नव्हता, कावड होती.

गोडसे भटजी तिकडे पायपीट करत होते त्याच काळात इकडे इंदापूर तालुक्याच्या कडेला रूळ पडत होते. 1858 च्या अखेरीस पुण्याहून निघालेली लोहमार्गाची वाट भीमेकाठच्या दिक्सळपर्यंत आली. पुढच्या दोन वर्षांत ती नदी ओलांडून सोलापूरला पोचली. 1870 च्या मार्च महिन्यात जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता असा सलग लोहमार्ग सुरू झाला, आणि महिनोन्‌महिन्यांची काशी काही दिवसांवर आली. तेव्हा काशीच्या गंगेवर पूल नव्हता, तो 1887 साली झाला. पंढरपूरला बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून 1906 साली पोचली. ही गोष्ट आपल्याकडेच घडली असंही नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाला 1866 साली रेल्वे आली. दमास्कसहून मदिनेला जाणारी हिजाझ रेल्वे 1908 साली खुली झाली आणि उंटांच्या तांड्याची सुमारे चाळीस दिवसांची वाट चार-पाच दिवसांवर आली. सगळ्या धर्मांच्या यात्रेकरूंनी एकाच शतकात गाडी धरली.

याला सर्वांत धारदार विरोध गांधीजींनी केला. 1909 सालच्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी रेल्वेवर जे आरोप ठेवले त्यात हाही आहे, की पूर्वी तीर्थाला मोठ्या कष्टाने जावं लागे, म्हणून खरे भाविकच जात. आता कुणीही जातो, आणि पवित्र ठिकाणं अपवित्र झाली. आज गर्दीच्या दिवशी कुठल्याही मोठ्या देवस्थानाची रांग पाहिली, की या आरोपात तथ्य नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण याच गांधीजींनी सात वर्षांआधी, 1902 साली, कलकत्त्याहून राजकोटला जाताना काशीची वाट मुद्दाम तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून धरली होती. तिसऱ्या वर्गातल्या माणसांचे हाल स्वतः भोगून पाहायचे, हा हेतू. बारा आण्यांची किंतानाची पिशवी, एक लोकरी कोट. गोपाळ कृष्ण गोखल्यांना आधी ही कल्पना हसण्यासारखी वाटली, पण कारण ऐकल्यावर पटली. त्यांनी लाडू-पुऱ्यांनी भरलेला डबा हाती दिला आणि निरोप द्यायला स्वतः स्टेशनवर आले. पहिल्या वर्गाने निघाला असतात तर आलो नसतो, आता यायलाच हवं होतं, असं त्यांनी सांगितलं. काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर अशी एकेक दिवसाचे मुक्काम करत झालेल्या या प्रवासाला रेल्वेभाड्यासकट एकतीस रुपये लागले. काशीच्या देवळातल्या घाणीने आणि गोंगाटाने गांधीजी व्यथित झाले. त्यांना जे हवं होतं ते डब्यात मिळालं होतं. पुढे 1918-19 च्या आजारपणामुळे तिसरा वर्ग जवळजवळ सोडावा लागला, याची त्यांना कायम खंत वाटत राहिली.

गाडीच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. 1901 साली नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्थानकावर उतरले. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. महार आहोत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली आणि रात्र पाण्याच्या थेंबाविना काढली. रेल्वेच्या तिकिटाने जात विचारली नव्हती, फलाटाबाहेरच्या समाजाने विचारली. गाडी माणसं शेजारी बसवते. त्यापुढचं काम तिच्याने होत नाही, ते माणसांनाच करावं लागतं.

इथे एकनाथांची कथा आठवते. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला वाहायला निघालेले नाथ वाटेत तहानेने तडफडणारं गाढव पाहतात आणि कावड त्याच्या तोंडी रिती करतात. सोबतचे यात्रेकरू हळहळतात, आणि नाथ म्हणतात की रामेश्वर इथेच पावला. ही कथा मराठी घरात लहानपणीच ऐकवली जाते, पण यात्रेच्या चर्चेत तिचा अर्थ क्वचित कुणी लावतो. तो असा, की वाटेवर कुणीतरी आडवं यावं आणि आपल्याजवळचं मागावं, एवढी जागा वाटेत असली पाहिजे. पायी वारीला मोल येतं ते यामुळे. दिंडीत पाण्याचा तांब्या एकट्याचा राहत नाही, तंबूतली जागा एकट्याची राहत नाही.

आता रात्रीच्या गाडीला हीच कसोटी लावून पाहावी.

पुणे-दानापूर एक्स्प्रेस दौंड सोडून मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर करत प्रयागराजकडे जाते. तिच्या स्लीपर डब्यात इंदापूरचं जोडपं काशीसाठी बसलेलं असतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गंगेसाठी कोऱ्या फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा गडू. समोरच्या बाकावर बारामतीच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत राबणारा बिहारी मुलगा असतो. आजींची ती काशी, त्याचं ते घर. रात्री दहानंतर दिवे मालवतात, मधला बर्थ उघडतो, साखळीला बॅग अडकवली जाते, चपला बाकाखाली सरकतात. निळा दिवा तेवढा उरतो. मनमाडला किंवा भुसावळला झोपेत कुणीतरी पायाशी येऊन टेकतं. तिकीट वेटिंगचं, कडेवर मूल. बर्थ आपला असतो, पैसे मोजलेले असतात, नियमही आपल्याच बाजूचा असतो. पाय आखडून घ्यायचे की नाहीत?

तहानलेलं गाढव ते हेच. भरधाव मोटारीत ते भेटत नाही. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाचं चौपदरीकरण करायचं ठरलं, नोव्हेंबर 2021 मध्ये पंढरपूरला त्याचा पायाभरणी समारंभ झाला, आणि काच वर करून तासा-दोन तासांत पंढरी गाठायची सोय झाली. विमानात तर शेजाऱ्याचं नावही कळत नाही. रात्रीच्या गाडीत मात्र अनोळखी माणसासमोर डोळे मिटून झोपावं लागतं, ‘जरा सामान बघता का’ म्हणावं लागतं, उशीर झाला तर निमूट बसावं लागतं. गावात ज्याला भावकी ओळखते, ज्याची कारखान्याला ऊसनोंद असते, तो माणूस इथे डबा आणि बर्थ एवढ्या दोन आकड्यांवर येतो. मोठेपण उतरवून ठेवण्याची ही सोय पायी दिंडीत आहे, आणि त्याखालोखाल इथे.

मग घरीच का राहू नये, हाही प्रश्न उरतोच. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-भीमेचा संगम आहे, नरसिंहपूर आहे. ज्ञानदेवांनी तीर्थयात्रेला चला म्हटल्यावर विठ्ठलाला सोडून जायला नामदेवांचाही पाय निघत नव्हता, अशी परंपरा सांगते. तीर्थावळीचे अभंग त्याच यात्रेचे. पण नामदेव गेले. देव पंढरीत होताच. वाटेवरचा सहवास पंढरीत नव्हता.

आणि पायी जाण्याच्या शुद्धतेचा फार आग्रह धरणाऱ्यांनी एकदा एकादशीनंतरचं पंढरपूर पाहावं. पालखी चालतच परतते, पण तिच्यासोबत परतवारी करणारे मोजके. बाकीचे लाखो वारकरी एसटीने, जीपने, गाडीने घरी येतात. त्यांच्या वारीतलं निम्मं फळ गेलं असं कुणी म्हणत नाही. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना महिनाभर घर सोडता येत नाही, त्यांना रेल्वे आली म्हणूनच काशी दिसली. कष्टाने भाविकांची निवड होत असेल, पण त्या निवडीत सर्वांत आधी म्हातारे, आजारी आणि घराला बांधलेल्या बायका गळत होत्या. ही किंमत गांधीजींच्या हिशेबात आलेली दिसत नाही.

म्हणून निवाडा गाडीच्या बाजूने द्यावासा वाटतो, पण अट घालून. बर्थ ही आपली मालमत्ता समजून जो रात्रभर राखत बसतो, त्याचं निम्मं फळ शास्त्रकारांनी म्हटल्याप्रमाणे गेलंच. जो पाय आखडून घेतो, खालचा बर्थ म्हाताऱ्या माणसाला देऊन वर चढतो, बाटलीतलं पाणी पुढे करतो, त्याची यात्रा दौंडलाच सुरू झाली. जनरल डब्यात दिवाळी-छठच्या गर्दीत दाराशी उभ्याने रात्र काढणाऱ्या माणसाला हे सांगायला जाऊ नये. त्याचं तप त्याने निवडलेलं नाही, आणि त्याला बसायला जागा मिळावी ही मागणी कुठल्याही पुण्यापेक्षा आधीची आहे.

इंदापूर-बारामतीकडच्या ज्यांनी अजून रात्रीची लांबची गाडी केली नसेल, त्यांनी एकदा करावी. ऊस कारखान्याला गेला, हात थोडे मोकळे झाले, की आरक्षण काढावं. ते गाडी सुटण्याच्या साठ दिवस आधी खुलं होतं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला सोबत न्यावं, खालचा बर्थ मागून घ्यावा. दशम्या दोन माणसांच्या जास्त बांधाव्यात. परतल्यावर गंगापूजन करून मावंदं घालायचं असतं. त्या पंगतीत काशीच्या देवळाबरोबर डब्यात भेटलेल्या माणसांचीही हकिगत सांगावी.