एका वस्तूचा परिग्रह

घड्याळ, गजर, रेडिओ, कॅमेरा, बॅटरी, कॅल्क्युलेटर, डायरी, पंचांग, नकाशा, गाण्यांच्या कॅसेटी, पैशांचे पाकीट आणि हरिपाठाची पुस्तिका. तीसेक वर्षांपूर्वी एवढ्या वस्तूंनी एक पिशवी आणि भिंतीवरच्या दोन-चार खुंट्या भरून जात. आज त्या एका खिशात मावतात. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्झ यांनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा आपण तीन नवी साधने आणली आहेत असे त्यांनी आधी सांगितले: गाणी ऐकण्याचे यंत्र, फोन आणि इंटरनेटचे साधन. मग ही तिन्ही एकच आहेत, हे उघड केले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले. त्या टाळ्यांत सोयीचा आनंद होता, तसा ओझे उतरल्याचाही होता. हा दुसरा आनंद आता आपल्याकडे धर्माच्या शब्दांत बोलला जातो. दहा वस्तूंच्या जागी एकच बाळगणे हाच आजच्या काळातला अपरिग्रह, असे म्हणणारी माणसे भेटतात, आणि ती मनापासून म्हणतात. मला हे म्हणणे चुकीचे वाटते. पण ते झटकून टाकण्यासारखे नाही, कारण आपल्या परंपरेने जिवापाड जपलेल्या एका व्रताचे नाव त्यात घेतलेले आहे.

अपरिग्रह पतंजलींच्या पाच यमांत आहे, जैनांच्या पाच व्रतांत आहे. हे व्रत ज्यांनी सर्वांत कठोरपणे पाळले, त्यांनी जवळ काय ठेवले ते पाहू. दिगंबर मुनी अंगावर वस्त्रही ठेवत नाहीत. त्यांच्याजवळ मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ एवढेच असते. बौद्ध भिक्खूंच्या परंपरेत आठ वस्तू सांगितल्या आहेत: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे गाळणे. या आठांत ते गाळणे कशासाठी, हा प्रश्न विचारून पाहावा. पाणी चीवराच्या पदरानेही गाळता आले असते. वस्तू कमी करणे एवढाच हेतू असता, तर आठाच्या सात सहज झाल्या असत्या. तरी गाळणे वेगळे राहिले. त्याचे कारण मला असे दिसते की, गाळणे ही केवळ सोय नव्हती. पाण्यातला बारीक जीव पोटात जाऊ नये, ही आठवण त्या फडक्याला बांधलेली होती. पिच्छीचेही तसेच. बसण्याआधी जागा हलक्या हाताने झाडायची, मुंगीसुद्धा दुखावू नये म्हणून. ती हातात असली की अहिंसा हातात असते. या माणसांनी वस्तू मोजल्या, पण नुसता आकडा खाली आणायचा म्हणून मोजल्या नाहीत. प्रत्येक वस्तूला एक काम, त्या कामाला एक सीमा आणि त्या सीमेत एक व्रत, असा तो हिशोब होता.

व्याख्येकडे गेलो तर हे आणखी स्पष्ट होते. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलीच नाही. ती मूर्च्छेवरून केली. मूर्च्छा म्हणजे ममत्वाची गुंगी, ‘माझे, माझे’ करीत मनाने वस्तूला चिकटून राहणे. पुढे जैन आचार्यांनी परिग्रहाचे चोवीस प्रकार सांगितले. त्यांतले बाहेरचे, म्हणजे शेत, घर, सोने, धान्य असे, दहाच आहेत आणि आतले, म्हणजे क्रोध, लोभ, हास्य, भय असे, चौदा आहेत. आतली यादी बाहेरच्या यादीपेक्षा लांब आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. ती पत्रे ‘मंगलप्रभात’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. अपरिग्रहावरच्या पत्रात त्यांनी हे व्रत वस्तूंपाशी थांबू दिले नाही, विचारांनाही लावले. निरुपयोगी माहिती डोक्यात भरून ठेवणाराही त्यांच्या मते व्रतभंगच करतो. असे लिहिणाऱ्या माणसाच्या कमरेला घड्याळ मात्र अखेरपर्यंत लटकत होते. मला यात विसंगती दिसत नाही. ते घड्याळ वेळ सांगायचे आणि गप्प बसायचे.

आता हे माप फोनला लावून पाहावे. वजनाने तो दोनशे ग्रॅमच्या आसपास, संख्येने एक. पण आत किती दारे आहेत, ते वापरणाऱ्यालाही मोजता येत नाही. वेळ पाहायला तो काढला, तर वेळेच्या शेजारीच बाजारभाव, भांडण, क्रिकेटचा स्कोअर आणि नात्यातल्या लग्नाचे फोटो उभे असतात. गांधीजींच्या अर्थाने पाहिले तर जगातली जवळजवळ सगळी निरुपयोगी माहिती खिशात घेऊन फिरणे म्हणजे हा फोन बाळगणे. दहा वस्तूंच्या पिशवीत इतका परिग्रह कधीच मावला नसता.

एका कामाची वस्तू आणि फोन यांतल्या फरकाचे जवळून पाहण्याजोगे उदाहरण म्हणजे जपमाळ. एकशे आठ मणी आणि एक मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही. तिथे पोचले की माळ फिरवायची आणि आल्या वाटेने परत जायचे. डोळे मिटलेले असतात. किती झाले हे बोटांना कळते, मनाला मोजावे लागत नाही. मेरू बोटाला लागला की एक फेरी संपली, हे त्वचा सांगते. आता जप मोजणारी अ‍ॅप आहेत, आणि ती चांगल्या हेतूनेच केलेली आहेत. पण आकडा पाहायला डोळे उघडावे लागतात. डोळे उघडले की नामाच्या वर एक पट्टी सरकत येते: विजेच्या बिलाची तारीख, कुणाचा तरी निरोप. बिल भरायलाच हवे, निरोप देणाराही आपलाच. त्यात वाईट काहीच नाही, आणि म्हणूनच मन उठते. वाईट गोष्टीला नाही म्हणणे साधकाला जमते. योग्य पण अवेळी आलेल्या गोष्टीला नाही म्हणणे फार अवघड. अंगठीसारखा बोटात घालायचा, एकच बटण असलेला काउंटरही बाजारात मिळतो. तोही विजेवरच चालतो, पण तो माळेच्या जातीचा आहे, कारण त्याला दुसरे काही येत नाही. पोथीचेही हेच आहे. बासन सोडायचे, पोथी चौरंगावर ठेवायची, अध्याय संपला की पुन्हा बांधायची. त्या गाठीने वाचनाला आरंभ मिळतो आणि शेवटही मिळतो.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फोन गप्प करून काहींना टेबलावर, काहींना पिशवीत, तर काहींना दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितला होता. लक्ष आणि स्मरण तपासणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीवाले सरस ठरले. नंतर इतरांनी केलेल्या पडताळण्यांत हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला नाही, म्हणून त्यावर मी माझे म्हणणे उभे करत नाही. पण गप्प फोनही जवळ असला की मन ओढतो का, या प्रश्नाचे उत्तर ध्यानाला बसणाऱ्या माणसाने स्वतःपुरते पडताळून पाहायला काहीच हरकत नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप असा की, मूर्च्छा हेच माप असेल तर दोष मनाचा, यंत्राचा कसा? ज्याचे मन ताब्यात आहे त्याला फोनही बांधणार नाही, आणि ज्याचे नाही तो कपाटात पाच कॅमेरे आणि सात घड्याळे रचून त्यांच्यावर जीव टाकेल. शिवाय सगळ्या सूचना बंद ठेवण्याची सोय फोनमध्ये आहेच. यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. वस्तू वेगवेगळ्या आहेत एवढ्याने कुणी अपरिग्रही होत नाही. पण आपल्या परंपरांनी मनावर इतका विश्वास कधीच टाकला नाही. परिग्रह म्हणजे मूर्च्छा असे सांगूनही, ‘मी अनासक्त आहे’ म्हणणाऱ्या मुनीला सोने बाळगण्याची मुभा दिली गेली नाही. गृहस्थासाठी जे परिग्रह-परिमाण व्रत आहे, त्यात शेत इतके, धान्य इतके अशी मर्यादा आधीच ठरवून घ्यायची असते. मन शांत असताना आखलेली रेघ मोहाच्या वेळी उपयोगी पडते; त्या क्षणी नव्याने निर्णय घ्यायची पाळी येत नाही. फोनच्या सूचना बंद करता येतात हे खरे, पण त्या आठवणीने बंद कराव्या लागतात आणि बंद केल्या आहेत हे मनाला माहीत असते. पोथीची शांतता कुणाला निवडावी लागत नाही. वस्तूची मर्यादा म्हणजे आधीच घेतलेले छोटेसे परिमाण व्रत आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. वेगळे घड्याळ, वेगळा कॅमेरा, वेगळा रेडिओ हा सगळा खात्यापित्या घरातला विचार झाला. सहा-सहा महिने घर सोडून कोपीवर राहणाऱ्या ऊसतोड मजुराला एकाच फोनात उजेड मिळतो, गाणे मिळते, गावी पैसे पाठवता येतात आणि मागे राहिलेल्या लेकराचा चेहरा दिसतो. अंध माणसाला तो छापील मजकूर वाचून दाखवतो. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे की हा परिग्रह आहे? सांगूच नये. व्रत असते ते ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही आहे त्याचे. ज्याच्याजवळ नाही त्याच्यावर ते लादले की त्याचे नाव दारिद्र्य होते. फोन बाळगणे हे पाप आहे, असे मी म्हणतच नाही. माझा वाद फक्त एका शब्दाशी आहे. सोयीला सोय म्हणावे, तिला अपरिग्रहाचे वस्त्र नेसवू नये. पर्यावरणाचा आक्षेपही खरा आहे: दहा यंत्रांपेक्षा एका यंत्राला धातू कमी लागतात, आणि म्हणून या लेखाने कुणी दहा नवी यंत्रे विकत आणली तर ती मोठीच चूक होईल.

ममत्वाची एक बाजू मात्र वस्तू मोजताना सुटूनच जाते. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलेले कालनिर्णय पाहा. त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, एकादशीभोवती आजीने केलेला गोल असतो आणि परीक्षेच्या दिवसावर नातवाची फुली असते. त्याला मालक नाही. भिंतीवरचे घड्याळही येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचे. फोन मात्र एकाच बोटाच्या ठशाने उघडतो. घरातल्या इतर कोणत्याही वस्तूपेक्षा तो ‘माझा’ आहे, आणि एकेक सामायिक वस्तू त्यात शिरली की तीही माझी होते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सातही दिवस खाली ठेवत नाहीत. पहाटे तीनच्या पहाऱ्याला डोळे चोळत आलेला माणूस आधीच्या माणसाच्या गळ्यातून ती आपल्या गळ्यात घेतो, आणि पहिला मोकळ्या हाताने घरी जातो. ती कुणाकडेच राहत नाही, म्हणून नाम अखंड राहते. सगळ्यांच्या खिशात आपापली वीणा असती, तर पहाऱ्याला कुणी उठलेच नसते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे की, नवे काही विकत घेऊ नका. घरात कुठेतरी सेल संपलेले गजराचे घड्याळ पडलेले असेल. त्यात सेल घाला, ते उशाशी ठेवा आणि फोन रात्रभर दुसऱ्या खोलीत राहू द्या. सकाळी देवापुढे बसताना माळ घ्या, बासनातली पोथी सोडा, आणि अध्याय संपेपर्यंत त्या खोलीत जाऊ नका.