कौल

आमच्या गावच्या सातेरीला मूर्ती नव्हती. वारूळ होतं. पुरुषभर उंच, तांबड्या मातीचं, त्याला लुगडं नेसवलेलं, आणि चांदीचा मुखवटा फक्त सणावाराला. पावसाळ्यागणिक त्याचा आकार थोडा बदलायचा, म्हणजे देवी वाढायची किंवा झडायची. सिंधुदुर्गात आणि गोव्यात अशा वारुळाच्या सातेऱ्या पुष्कळ आहेत. भातशेती करणाऱ्याने मातीलाच आई म्हटलं, त्यात नवल ते काय! देवळाभोवती राय. शहरातली माणसं देवराई म्हणतात, आम्ही नुसतं राय म्हणायचो.

रायीत जायचं तर आजीची ताकीद असे. "पायताना काड. सुकी काटकी पण उचलू नको. ती तिची आसा." घरात चुलीला लाकूड नसलं तरी रायीतली काटकी कुणी आणली नाही. नऊ वर्षांचा असताना हरवलेली बकरी शोधत मी भर दुपारी आत शिरलो. किंजळ, ऐन, सातवीण, मधूनच सुरंगीचा वास, आणि वर गारंबीच्या वेली अशा माजलेल्या की ऊन खाली पोचतच नव्हतं. एकदम काहीतरी धपकन पडलं. गारंबीची हातभर लांब शेंग होती, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र मी चड्डी ओली होईपर्यंत पळालो. बकरी आपली आपण घरी आली होती.

त्या भीतीवर मी पुढे कथा लिहिली. ती दिवाळी अंकात आली, तिला बक्षीसही मिळालं. खरं तर लिहिणं मला शिकवलं ते गाऱ्हाण्याने. आमचे मानकरी देवीसमोर उभे राहून गावाची दुखणी एका दमात मांडत. वाक्य लांबत लांबत जाई आणि ज्या जागी ते मोडणार, नेमक्या त्याच जागी सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणून त्याला खांदा देत. वाक्याला खांदा कुठे लागतो हे मला पुस्तकात सापडलं नसतं. म्हणजे माझी भाषाही देवीच्या अंगणातली आणि माझा विषयही तिचाच. मी मात्र कॉलेजात गेल्यापासून देव मानत नव्हतो. यात मला कधी अडचण वाटली नाही. श्रद्धा नसली म्हणून काय झालं, सौंदर्य तर कळतं ना, असं मी व्याख्यानांतूनही सांगत असे.

आइसलँडमध्ये १९७२ साली काही माणसांनी जुन्या देवांचा धर्म पुन्हा सुरू केला. त्यांचा म्होरक्या स्वेनब्यॉर्न बेंतेन्सन मेंढ्या पाळणारा शेतकरी होता, आणि जुन्या चालीची पद्यं रचणारा कवीही. पुढच्याच वर्षी सरकारने त्या पंथाला मान्यता दिली. मेंढ्या, कविता आणि देव एकाच माणसाकडे, हे वाचून मला घरचंच वाटलं. इंग्लंडची तऱ्हा वेगळी. तिथे जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि जेराल्ड गार्डनर या माणसाने निसर्गपूजेचा आपला पंथ उघड केला. तो प्राचीन काळापासून अखंड चालत आलेला आहे असा त्याचा दावा होता. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ च्या पुस्तकात तो दावा तपासला. त्या पंथातली महादेवी आणि शिंगांचा देव यांना रूप दिलं ते बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या साहित्याने, असं त्याने दाखवलं. म्हणजे तिकडे आधी कविता, मग देव. आमच्याकडे आधी देव, मग माझी कथा. त्यांना मी हसणार नाही. देव कवितेतून आला म्हणून खोटा ठरतो असं नाही. निदान ते आपण लिहिलेल्यापुढे वाकतात तरी. मी कशापुढे वाकत होतो?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. आधीच पडला होता, जीर्णोद्धाराच्या वेळी.

जुनं देऊळ जांभ्याचं, नळ्यांचं. समितीला स्लॅबचं हवं होतं. जागा मोकळी करायला सात झाडं तोडायची आणि त्या लाकडाच्या पैशातून पाया घालायचा, असं ठरत होतं. आमच्याकडे पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवून कौल घेतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. मी मनात म्हटलं, सगळ्या गावाला जे हवं तेच बरं देवी बोलते! पण तोंड उघडलं नाही. काय सांगणार होतो? देवी कोपेल, हे मी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. राय सुंदर आहे, हे म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग तू मुंबईला का राहतोस? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांचं मोल लिहून ठेवलं आहे. मी त्यांचं नावही काढलं नाही.

उलट चाकरमान्यांकडून वर्गणी मागायचं पत्रक मी लिहिलं. लेखक म्हणून मलाच सांगितलं आणि मला बरंही वाटलं. सुरंगीचा वास, पावसातली राय, आजीची ताकीद, सगळं त्यात घातलं. लोक रडले म्हणे. पैसे अंदाजापेक्षा जास्त जमले. सात झाडं पडली, त्यांच्याबरोबर गारंबीही.

शेजारची काकी भेटली. "पत्रक बरा लिवलंस रे. वाचताना माका रायच दिसली." तिने कौतुकच केलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आजीच्या भीतीने ती झाडं इतकी वर्षं राखली, हे खरं. त्याच देवीच्या कौलाने ती पडली, हेही खरं. तेव्हा श्रद्धेलाच सगळं श्रेय देऊन मी सुटू शकत नाही. पण गावाने निदान विचारलं. खोटं का होईना, हात जोडून, थांबून विचारलं. मी त्या रायीतून कथा घेतली, बक्षीस घेतलं, शेवटी पत्रकही घेतलं, आणि एकदाही विचारलं नाही. आजी काटकीसुद्धा तिची म्हणायची. कथा कुणाची, हे तिने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

देवळात आता फरशी आहे. वारुळाच्या बुडाशीही सिमेंट आहे. वारूळ वाढत नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी गुरवाकडे गेलो. तो हसला. "लेखाक कौल? आजून कोणी मागूक नाय. काय लिवतलंस?" मी म्हटलं, झाडं तोडली ते, आणि पत्रक कोणी लिहिलं ते. तो हसायचा थांबला. हात धुतले, पाषाणावर पाकळ्या चिकटवल्या. आम्ही बसून राहिलो. मग त्याला आठवलं, तो उठला आणि छताचा पंखा बंद केला. अर्धा तास गेला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

"उद्या ये," तो म्हणाला. "आज ती बोलणा नाय."

माझी दुपारची एसटी होती. कौल न घेताच हे लिहिलं आहे.