भरपाई कुठून देणार?

घरून फराळ आणि चटण्या विकणाऱ्या माझ्यासारखीने लायबिलिटीचा विमा घ्यावा का, हा प्रश्न पडला तेव्हा आधी डोळ्यांपुढे आला तो फ्लॅट. कुणी दावा लावला तर घरावर येईल का? माझं खाऊन कुणाला काही झालं तर त्याचं काय, हे बऱ्याच उशिरा सुचलं. मधे एक हिशेबही करून झाला होता: हप्ता नफ्यातून जाणार, आणि गिऱ्हाइकं तर सगळी ओळखीची, सोसायटीतली. ती कशाला तक्रार करतील? म्हणजे त्यांच्या भिडेच्या भरवशावर मी निर्धास्त होते. त्यांनी मुकाट्याने सोसावं, एवढीच माझी तजवीज होती?

आपल्या स्वयंपाकघरात दाणे कुठे नसतात? शेंगदाण्याची चटणी ज्या भांड्यात वाटते, त्यातच खोबऱ्याची, त्यातच जवसाची. भांडं घासलं तरी झाकणाच्या रबराखाली कूट राहू शकतो. दाण्यांची तीव्र ॲलर्जी असलेल्याला तेवढाही पुरतो. घसा सुजतो, श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. दाणे, दूध, गहू असे घटक पदार्थात असतील तर ते वेष्टनावर स्पष्ट लिहावेत, असं २०२० चे लेबलिंगचे नियम सांगतात. माझ्या पाकिटावर ते आहेत, पण बारीक अक्षरांत. ‘घरगुती’ मात्र ठळक. विकायचं काय आणि सांगायचं काय, यातलं माझं प्राधान्य त्यातच दिसत नाही का?

एफएसएसएआयची नोंदणी आहे, १४ आकडी क्रमांक छापलेला आहे. पण नोंदणीतून भरपाईचे पैसे येत नाहीत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ६५ वाचलं: असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाला तर वारसांना किमान ५ लाख रुपये, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत, इतर इजेसाठी १ लाखापर्यंत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर माल सदोष असणंच नव्हे, पुरेसा इशारा न देणं हेही भरपाई मागायला कारण ठरतं. माझा धंदा एकल मालकीचा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने धंदा आणि मी एकच. एकव्यक्ती कंपनी काढावी का? कंपनीच्या कर्जापासून ती वाचवेल. पण चटणी मीच वाटणार, निष्काळजीपणा झाला तर माझ्याच हातून होणार. त्याची जबाबदारी कंपनीच्या नावामागे लपत नाही.

मग कुणी दावा लावेल का, हा प्रश्नच चुकीचा वाटू लागला. कुणाला इजा झाली, तर तिची भरपाई करण्याइतके पैसे माझ्याकडे आहेत का? नाहीत. तसं असेल तर विमा माझ्या फ्लॅटसाठी कमी आणि इजा झालेल्या माणसाच्या उपचारांसाठी जास्त. पण पॉलिसी हाती आली की मी सैल तर पडणार नाही? मिक्सरचं रबर ती धुणार नाही. शिवाय दिवाळीत काही पाकिटं अमेरिकेतल्या लेकीसुनांकडे जातात. तिकडचे दावे पॉलिसीत धरलेत का, हे सही करण्याआधी विचारायला हवं.

घरी बसून फक्त हिशेब लिहून देणाऱ्याला हे सगळं लागेलच असं नाही. त्याच्या चुकीने कुणाचा श्वास कोंडत नाही. जिथे दुसऱ्याच्या पोटात काही जातं किंवा दुसऱ्याचं मूल आपल्याकडे सांभाळायला असतं, तिथे मात्र विमा हवाच, या मतावर मी आले आहे. प्रॉडक्ट लायबिलिटीची पॉलिसी मी घेणार आहे. हप्ता चटणीच्या दरात धरणार, दर थोडा वाढेल. दाण्यांसाठी भांडं वेगळं ठेवणार आणि दाण्यांचा इशारा ‘घरगुती’इतक्याच मोठ्या अक्षरांत छापणार. तुम्ही घरगुती माल घेत असाल, तर घरात कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते ऑर्डर देतानाच सांगा. समोरच्याने विचारलं नाही, तरी सांगा.