समेवर जागे होणारे

बेंगळूरुच्या चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीत उत्सव होतो, १९३९ साली सुरू झालेला. तिथल्या मांडवात शेजारी बसलेले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त आणि लहानपणी मृदंग शिकलेले, मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, रागावू नका, पण तुमचे हिंदुस्थानी श्रोते फक्त समेवर जागे होतात."

हसून सोडून दिलं खरं, पण वाक्य सलत राहिलं. बेंगळूरुत दोन्ही गाणी नांदतात आणि दोन्हींचे श्रोते लांबूनही ओळखू येतात. आदिताल सुरू झाला की अख्खी रांग मांडीवर आठ अक्षरं धरते: टाळी, मग करंगळी, अनामिका, मध्यमा, पुन्हा टाळी आणि उलटा हात, टाळी आणि उलटा हात. पल्लवी समेच्या दीड अक्षर पुढे उचलली तरी हात ढळत नाही. आमच्याकडे मान डोलते, 'क्या बात है' निघतं, समेवर हात हवेत उठतो. मधल्या मात्रा गायक आणि तबलजी बघून घेतात.

माझं उत्तर तयार होतं. ताल वेगळा आणि ठेका वेगळा, हा भेद मला फार प्रिय आहे. कर्नाटक संगीतात ताल हातावर असतो; मृदंग तो दर आवर्तनात म्हणून दाखवायला बांधलेला नाही, तो कृतीच्या अंगाने खेळतो. आमचा तबला मात्र ठरलेल्या बोलांत ताल बोलत राहतो, तोच ठेका. त्रितालात खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, तो परतला की सम जवळ आली हे कानालाच कळतं. ठेका नाही त्यांना हात लागतो, आम्हाला कशाला?

हे नीट मांडावं म्हणून भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका उघडली. लिहिलेलं गाणं म्हणजे गाणं नव्हे, मींड कागदावर मावत नाही, हा वाद सगळ्यांना पाठ आहे; त्यात शिरत नाही. माझी नजर स्वरांच्या खालच्या ओळीवर होती. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. (पलुस्करांच्या पद्धतीत समेला १ आणि अधिकचं चिन्ह खालीला. दोन विष्णूंची पुस्तकं शेजारी ठेवून शिकणाऱ्या मुलाची कीव येते.) ही चिन्हं तबल्याविषयी काही सांगत नाहीत. टाळी कुठे द्यायची आणि हात कुठे उलटा टाकायचा, एवढंच सांगतात. म्हणजे आमच्या पुस्तकांतही हातच छापलेला आहे, आम्ही तो शाई म्हणून वाचतो.

लिहिलेल्या खुणेचं असं होतं. संगीत नाटकांच्या जुन्या आवृत्त्या पाहा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा पहिला चरण. १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं त्या काळात तेवढं नोटेशन पुरे होतं, कारण ते गाणं वाचणाऱ्याच्या तोंडी होतं. त्याचे कर्ते किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी चालीही त्यांच्या घरच्याच. आज नाट्यपद अनेकांना येतं, मूळ चाल फारशी कुणाला येत नाही. खूण आहे, ती ज्याकडे बोट दाखवते ते गेलं.

आणि मग एकताल आडवा आला. बारा मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर, खाली तिसऱ्या आणि सातव्या. आता ठेका म्हणून पाहा. तिसऱ्या मात्रेवर 'धागे', म्हणजे हात उलटा पडतो तिथे डग्गा घुमतो. पाचवीवर 'तू', म्हणजे टाळी पडते तिथे डग्गा गप्प. कानाने ताल कळतो हे माझं उत्तर बड्या ख्यालाच्या नेहमीच्या तालातच बसेना. या टाळ्या हुबेहूब चौतालाच्या आहेत, पखवाजाच्या, ध्रुपदाच्या. ध्रुपद गाताना हाताने ताल धरण्याची रीत आहे, आणि भातखंडेही मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदं शिकले होते. तबल्याच्या तालावर जुना हात तसाच लिहिलेला राहिला.

म्हणजे शेजारी जिंकले? पूर्ण नाही. न मोजणं म्हणजे झोपणं, हे मी मानत नाही. त्यांच्याकडे रागाचा ऐसपैस विस्तार आलापनेत आणि तानममध्ये, ताल सुरू होण्याआधी होतो. तेव्हा त्यांचीही मांडी रिकामीच असते. ख्यालाने तो विस्तार तालाच्या आत घेतला, त्यासाठी लय ताणली. अमीर खाँसाहेबांच्या झूमऱ्यात ती कुठवर गेली हे ऐकणाऱ्याला माहीत आहे. एक आवर्तन मिनिटाच्या पुढे गेल्यावर दोन टाळ्यांमधलं अंतर हातात राहत नाही. हात सुटला तो आळसाने सुटलेला नाही.

पण हे स्पष्टीकरण विलंबितापुरतं. मध्यलयीच्या झपतालात, द्रुत त्रितालात काय अडचण आहे? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या परीक्षांत मुलांकडून हातावर ताल म्हणवून घेतात, ठायही आणि दुगुणही. मुलं चोख म्हणतात. पुढे तीच मुलं मैफलीत बसू लागतात आणि हात मांडीवर नुसता पडून राहतो, कारण तो हलवणं आपल्याकडे नवशिकेपणाचं वाटतं. यात शहाणपण काय आहे ते मला आता दिसत नाही. झपतालापासून सुरुवात करायला हरकत नाही: दोन, तीन, दोन, तीन, सहावीवर हात उलटा. पुण्यातल्या एखाद्या सभागृहात पुढच्या रांगेतलं कुणी वळून बघेल. बघू दे.