रिकामं घर मागणारे

"काका, घर रिकामं करून द्या, आखाजीच्या आत किचन हातात देतो." पुतण्या धुळ्यात बांधकामाची कामं घेतो. त्याचं हे वाक्य साधंच होतं, पण मला ते टोचत राहिलं. टोचलं ते 'किचन' नव्हे, 'रिकामं'. शिरपूर तालुक्यातलं आमचं शेतातलं घर धाब्याचं आहे: जाड मातीच्या भिंती, सागाचे सरे, वर मातीचा थर. ते रिकामं मी कधी पाहिलेलं नाही. वेचणीनंतर तर मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस असतो. २०२२ मध्ये कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तो पुन्हा येईल या आशेवर पुढच्या हंगामात खानदेशातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी कापूस घरातच ठेवला. अंगाला खाज सुटली तरी विकला नाही. माणसं कापसाने सोडलेल्या जागेत राहिली. शिवाय दारात म्हैस आहे, तिची दोन्ही वेळ धार काढावी लागते. असं घर रिकामं करायचं म्हणजे नक्की कोणाला कुठे हलवायचं?

चुलीच्या धुराने छाती भरते, हे सांगायला नको. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर खेड्यापाड्यांत पोहोचलं, तरी भाकरीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी अनेक घरांत चूल राहिली, हेही सर्वांना दिसतं. धाबं उन्हाळ्यात गार असतं आणि पावसाआधी वर खारी माती टाकली नाही तर गळतं, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. चूल की गॅस, धाबं की स्लॅब, या वादात मला पडायचं नाही. मला एक वेगळाच फरक महत्त्वाचा वाटतो: रोवलेलं स्वयंपाकघर आणि हिंडतं स्वयंपाकघर.

रोवलेलं म्हणजे एक खोली, एक ओटा, सगळं काम त्याच्यापुढे. आमच्याकडचं स्वयंपाकघर मात्र वर्षभर हिंडत असतं. थंडीत भरीत होतं ते शेतात किंवा अंगणात, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांग्याला मिळालं, जाळाला नाही. पण बंद खोलीत गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे वांगं विकणाराही सांगेल. उन्हाळ्यात बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजतो तो अंगणात, आणि बिबडे वाळतात धाब्यावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा मांडे होतात. मांडा दोन्ही हातांवर खेळवत मोठा करायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. त्याला खापरभर जाळ हवा आणि कोपरं पसरायला जागा हवी. भिंतीतल्या कपाटाखाली मांडे होत नाहीत. म्हणजे जिला आम्ही स्वयंपाकाची खोली म्हणतो, तिच्यात स्वयंपाकाचा रोजचा भाग तेवढा होतो. सणाचा आणि बेगमीचा बाहेरच होतो.

रोवलेल्या स्वयंपाकघराचा उगम शोधायला जरा लांब जावं लागतं. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुतज्ज्ञ बाईने फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे होतं. बाईची पावलं वाचावीत, वेळ वाचावा, हा तिचा हेतू, आणि तो प्रामाणिक होता. अशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली. आज आपल्या फ्लॅटमध्ये 'मॉड्युलर' नावाने जे विकलं जातं त्याची ही आजी. गंमत अशी की तोवर आपण स्वतः स्वयंपाक केलेला नव्हता, हे तिनेच पुढे सांगितलं. तरीही तिने एक गोष्ट नेमकी ओळखली होती. शेजारच्या खोलीत खेळणारी मुलं बाईला दिसावीत म्हणून तिने सरकतं दार ठेवलं. पुतण्याने आमच्या घरासाठी काढलेल्या नकाशात मात्र ओट्याचं तोंड सरळ भिंतीकडे होतं.

घर आम्ही सोडलं नाही. काम सुरू झालं आणि कुजलेले सरे काढताना धाब्याची माती सगळ्या घरभर झाली. आईने अहिराणीत एकच विचारलं, "आते चुल्हा कोठे मांडू?" उत्तराची वाट न पाहता ती आणि माझी बायको कामाला लागल्या. गॅस ओसरीत आला. चूल गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला मांडली गेली, म्हणजे वारा लागू नये आणि धूर घरात येऊ नये. निवडायची-चिरायची जागा अशी ठरली की बसल्या जागेवरून फाटक दिसावं, वासरू दिसावं, नातू दिसावा. या जागेचा नकाशा कोणी काढला नव्हता. तरी तिच्यात पुतण्याच्या कागदापेक्षा जास्त विचार होता.

मला आनंद झाला, कारण माझा मुद्दा सिद्ध होत होता. मी पुतण्याला म्हटलं, "बघ, रिकाम्या घरात तुला हे कधी कळलं असतं का? जिथे कोणी राहत नाही तिथे तू फक्त मापं घेतोस." त्याने वाद घातला नाही. तो एवढंच म्हणाला, "काका, आजीच्या गुडघ्यांना विचारा." मी हसण्यावारी नेलं. पुढे मी त्याला सिमेंटबद्दल, स्लॅबखाली तापणाऱ्या घरांबद्दल, खानदेशात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्याबद्दल बरंच ऐकवलं. गुडघ्यांबद्दल काही बोललो नाही.

पण गुडघे डोळ्यांसमोरच होते. ओसरीतल्या गॅसपासून गोठ्याच्या चुलीपर्यंत प्रत्येक हंडा कोणीतरी उचलून नेत होतं. नळ जुन्या मोरीत, म्हणजे नेमका मलब्याच्या पलीकडे. भांडी घासायला तिसरीकडे, सांडपाणी टाकायला चौथीकडे. दिवस मावळला की चुलीपाशी अंधार, म्हणून एका हातात मोबाइलचा उजेड आणि दुसऱ्या हाताने भाकरी. हिंडत्या स्वयंपाकघराचं कौतुक करणारा मी खाटेवर बसलो होतो, आणि ते हिंडवणाऱ्या दोघी उभ्या होत्या. या स्वयंपाकघराला स्वतःचे पाय कधीच नव्हते. ते बायकांच्या डोक्यावरून आणि कमरेवरून हिंडत आलं.

मग पुतण्याचं बरोबर का? पूर्ण नाही. सगळं एका खोलीत कोंबलं की हंडे उचलायचे वाचतात, पण मांडे, भरीत, बिबडे यांना जागा उरत नाही. ती कामं बंद पडतात किंवा पुन्हा अंगणात जातात, आणि अंगणात पाणी नसतंच. हिंडणं टिकवायचं असेल तर पाणी रोवावं लागेल. जिथे जिथे चूल मांडली जाते तिथे नळ, सांडपाण्याची मोरी, दिवा आणि सावली हवी. चूल हलती राहू दे, पाइप पक्का हवा. इथे आल्यावर रोवलेलं आणि हिंडतं हा माझा लाडका भेद मला उलटा धरावा लागतो: एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं सुखाने हलत नाही.

आतल्या खोलीत उभ्याने काम करायचा ओटा व्हायला आता माझी हरकत नाही. तो आईच्या उंचीचा हवा आणि त्याचं तोंड फाटकाकडे हवं. सरे काढले तिथे लोखंडी गर्डर घाला, पण वरची माती राहू द्या, स्लॅब नको. चूल मात्र खोलीतून कायमची बाहेर काढावी, असं माझं मत झालं आहे. काम सुरू होण्याआधी मी तिच्याच बाजूने भांडलो असतो. टाइल्ससाठी ठेवलेले निम्मे पैसे गोठ्याशेजारच्या कौलारू मांडवाला, नळाला आणि मोरीला द्यावेत. पुतण्या म्हणतो, "म्हणजे दोन किचनचा खर्च." खर्च दोन किचनचा आहे हे खरं. पण दुसरं किचन या घरात पहिल्यापासून होतं. त्याचं बिल फक्त कधी कागदावर आलं नव्हतं.