मासिकातील वाघ आणि वावरातील रोही

आमच्या धर्मग्रामाच्या छोट्याशा वाचनालयात मुलांसाठी काही नियतकालिके ठेवलेली असतात. 1928 साली निघालेले 'सृष्टिज्ञान' आणि 1971 पासूनचे बालभारतीचे 'किशोर' यांनी मराठी घरांतील कितीतरी मुलांना प्रथम जंगलाच्या वाटेवर नेले. मुलांच्या हाती ही पाने पडावीत म्हणून आम्ही धडपडतो आणि त्यात थोडे पुण्य आहे असेही मानत आलो.

परवा भेटीदाखल आलेला एका रंगीत मासिकाचा वन्यजीव विशेषांक चाळून एका मुलाने विचारले, "फादर, याच्यात रोही काऊन नाही?" आम्ही पाने उलटली. वाघ होता, पेंग्विन होता, धनेश होता. रोही नव्हता, रानडुक्करही नव्हते. मुलाचे वडील हरभऱ्याच्या दिवसांत रोज रात्री जागलीला जातात. थंडीत माळ्यावर बसून डबा वाजवतात. एका रात्री डोळा लागला, तर सकाळी अर्धे वावर तुडवलेले सापडते.

प्रश्न साधा नव्हता. मुलाच्या मनात प्राणिमात्रांविषयी प्रेम उपजावे म्हणून आपण त्याला अर्धेच सत्य सांगावे काय?

डिसेंबर 2019 मध्ये आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक तरुण वाघ येऊन पोहोचला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून तो जूनमध्ये निघाला होता. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे कळले, की त्याने सुमारे 1300 किलोमीटरची वाट तुडवली होती. 'वॉकर' या नावाने तो गाजला. ही हकीकत आम्ही मुलांना मोठ्या अभिमानाने सांगितली होती. त्याच्या वाटेवर अभयारण्ये थोडी आणि शेते फार होती, हेही सांगितले. पण ज्या अंधारातून तो चालला, त्याच अंधारात कोणी जागलीवर बसले असेल, हे आम्हांस सुचले नाही. चित्रातल्या वाघावर प्रेम करण्यास काही मोल पडत नाही. ते मोल दुसराच कोणी भरत असतो.

उलट बाजूही आम्ही पाहिली आहे. ज्या मुलाने केवळ नुकसानच ऐकले, त्याच्या हाती लवकर गोफण येते, आणि पुढे विषाची पुडीही.

पवित्र शास्त्रातील योनाच्या पुस्तकाचा शेवट पाहावा. निनवे नगरी वाचली म्हणून संदेष्टा रुसून बसतो, तेव्हा परमेश्वर त्याला तेथील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आठवण देतो आणि त्याच वाक्यात तेथल्या गुराढोरांचीही. पुस्तक तेथेच, प्रश्नावर, संपते. प्रवचनात आम्ही माणसांपाशीच थांबत होतो, गुराढोरांपर्यंत क्वचितच जात होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितला आहे. पण तो एकत्र ऐकणे माळ्यावर बसलेल्याला किती अवघड, हे आम्ही भिंतीआडून काय सांगावे?

त्या मुलाला आम्ही एक कोरी वही दिली आणि मासिकात जे नाही ते लिहावयास सांगितले. आता ती वाचनालयात मासिकांशेजारीच असते. पहिल्या पानावर त्याने लिहिले आहे : 'रोही रात्री दोन वाजता येतात. पिल्लू मागे राहिले की मादी थांबते. तेवढा वेळ बाबा डबा वाजवत नाहीत.'